अठ्ठ्याण्णव टक्के वाघोबा

या, या, असे जवळ या. मागे उभं राहिलं की गोष्ट ऐकू येत नाही, नुसत्या टाळ्या ऐकू येतात. आणि नुसत्या टाळ्या ऐकून मान डोलावली की काय होतं, तेच तर आज सांगायचं आहे. लेकरांनो, पुढे सरका. आजीबाई, तुम्ही खांबाला टेका. गोष्ट आपल्या झाडीपट्टीतली, पोळ्याच्या दिवसांतली. तिच्यात एक वाघ आहे जो कधी जन्मलाच नाही, एक बैल आहे ज्याला बैल म्हणायला यंत्र तयार होईना, आणि एक बाई आहे जिच्या हातात खंजिरी आहे. हसू आलं तर दाबू नका. ही गोष्ट हसता हसताच कळते.

तर चिचटोल्याचं आखर. गावाबाहेरची ती मोकळी जागा, रोज सकाळी जिथे गुरं गोळा होतात. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी तिथे गुरांना उभं राहायला जागा नव्हती. वडशाहून माणसं, चिमूरकडून माणसं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं. फुगेवाला आला, भजीवाला आला, आणि जिकडे भजीवाला पोचतो तिकडे चमत्कार पक्का समजावा.

मधोमध मंडप. मंडपात लोखंडी चौरंग. चौरंगावर वासराएवढा वाघ, नखापासून कानापर्यंत शेंदूर थापलेला. पट्टे दिसेनात, डोळे दिसेनात, शेपूट तेवढी वर होती म्हणून वाघ म्हणायचं. वाघाशेजारी भिंतीएवढा एलईडी पडदा, आणि पडद्याशेजारी स्वामी व्याघ्रानंद महाराज. अंगावर काळी केसाळ घोंगडी, छातीवर रुळणारी दाढी, खांद्यावर जटा. हातात कमंडलू असायचा, तिथे मोबाईल.

"भक्तहो!" महाराज गरजले. "आजवरचे बाबा म्हणाले, विश्वास ठेवा. मी म्हणतो, मुळीच ठेवू नका! तपासा! स्कॅन करा! हे कलियुग नव्हे, हे स्कॅनयुग आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावाने त्यांचं नाव तिथल्या तिथे स्कॅनबाबा ठेवून टाकलं.

"हे 'वनओळख' ॲप कोणाचं? माझं? नाही! मोठमोठ्या शास्त्रज्ञांचं! पाखरू दाखवा, पाखराचं नाव सांगतं. पान दाखवा, झाडाचं नाव सांगतं. आता या मूर्तीत प्राण आहे की नाही, ते मी नाही सांगणार. विज्ञान सांगेल!"

महाराजांनी मोबाईल वाघावर धरला. भल्या मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली: *ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा.*

"अरेरे," गर्दी हळहळली.

"निष्प्राण!" महाराज म्हणाले. "यंत्र खोटं बोलत नाही. आता पाहा."

मग मंत्र सुरू झाले. त्यातला निम्मा भाग संस्कृतसारखा होता आणि निम्मा नेटवर्क नसल्यावर फोनमधून आवाज येतो तसा. शंख वाजला. वाघावर दुधाची घागर ओतली, वर कोमट पाण्याची ओतली, मग पंच्याने त्याचं अंग असं चोळून पुसलं की हळदीच्या नवरदेवालाही हेवा वाटावा. शेंदूर उतरला. काळे पट्टे उघडे पडले, काचेचे पिवळे डोळे चमकले. महाराजांनी पुन्हा मोबाईल धरला.

*वाघ. खात्री ९८ टक्के. हा प्राणी मांसाहारी आहे. सुरक्षित अंतर ठेवा.*

आखर हादरलं! बायांनी पदर पसरले, पुढच्या रांगेतला एक जण "सुरक्षित अंतर" वाचून खरोखरच मागे सरकला आणि भजीच्या टोपल्यात बसला. महाराज हात उंच करून ओरडले, "वाघांचा राजा जागा झाला! याच्या पायाचा धागा ज्याच्या मनगटावर, त्याला पाहून रानातला वाघ वाट सोडेल! उद्या पोळा फुटला की धागेबंधन!"

या गर्दीत अगदी पुढे, मांडीवर खंजिरी घेऊन, इंदुताई बसल्या होत्या. गावच्या भजनी मंडळाच्या त्या म्होरक्या. कीर्तन म्हटलं की चुलीवरचा भात तसाच सोडून निघणारी बाई. कोणत्या गावात कोणते महाराज उभे राहणार हे तिला पंचांगाआधी ठाऊक. आजच्या कार्यक्रमाआधीचं भजनही तिच्याच मंडळाने म्हटलं होतं. स्कॅनबाबांनी सुरुवातीला एक गौळण म्हटली तेव्हा इंदुताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कारण गळा खोटा नव्हता. हीच तर अडचण असते, मंडळी. माणूस खोटा असला तरी गळा खरा असू शकतो.

पण पडद्यावर तो आकडा आला आणि इंदुताईंचं पाणी डोळ्यांतच थांबलं. शेजारच्या लटारूभाऊंच्या कानाशी त्या म्हणाल्या, "भाऊ, अठ्ठ्यान्नव टक्के कसा काय? दोन टक्के कोठी गेले?"

लटारूभाऊ मंडळाची ढोलकी वाजवायचे आणि पोळ्याला बैलांपुढे झडत्या म्हणायचे, म्हणजे जुळवलेल्या ओळी ठोकून द्यायचे. ते म्हणाले, "दोन टक्के जीएसटीत गेले असतीन, बाई. हात जोड."

घरी आल्यावर इंदुताईंची सून रीता विळा पाजवत बसली. तिचा नवरा आदेश वडशाच्या राईस मिलमध्ये, सणाला रात्री येणार होता.

"विळा कायले पाजवून राह्यली वं?"

"पाडव्याच्या सकाळी जातो ना आई, नाल्यापलीकडं. सात्या निंगाल्या म्हनते."

पाडवा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, आणि सात्या म्हणजे वारुळाजवळ उगवणारी रानातली अळंबी. पावसाळ्यात थोडेच दिवस येते आणि बाजारात पोचायच्या आत संपते. दरवर्षी बाया जातातच. पण या वर्षी वनखात्याचा बीटगार्ड दारोदार फिरून सांगून गेला होता, नाल्यापलीकडे वाघीण पिलं घेऊन बसली आहे, एकही पाऊल टाकू नका.

"बीटगार्ड काय म्हनला, इसरली?"

"तो धाग्याच्या आंधी म्हनला होता," रीता शांतपणे म्हणाली. "उद्या धागा बांधते, परवा जाते. मी पुढं, बाकीच्या बाया माह्या मागं. सारं ठरलं."

"अवं, शेंदूर लावलेला पुतळा तो!"

"मशीन खोटं बोलते का? दिव्यानी मॅडमच्या फोनात हेच ॲप हाय. तुमीच त्याच्यात हरियल पाह्यला. तुमीच साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरल्या, अस्सल नाव सांगते म्हनून!"

खरंच होतं ते. शाळेतल्या दिव्यानी मॅडमनी हे ॲप गावात आणलं आणि पोरांना घेऊन त्या झाडंपाखरं ओळखत फिरल्या. एकदाही चुकलं नाही. मोहाला मोह म्हटलं, साजाला साज म्हटलं, घुबडाला घुबड. चिचटोल्यात त्या ॲपचा शब्द म्हणजे पंचांचा शब्द झाला होता, आणि स्कॅनबाबाने नेमकं त्याच पंचाला साक्षीला उभं केलं होतं.

"माह्या पोटी आदेश आला," इंदुताई तरी पुटपुटल्याच, "तवा दाईनं का म्हनलं, बाई, पोरगं अठ्ठ्यान्नव टक्के जितं हाय?"

रीताने विळ्याची धार अंगठ्यावर पाहिली. धार लागली होती.

पोळ्याच्या सकाळी दिव्यानी मॅडम दारात हजर. दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा, म्हणून घरोघरचे लाकडी नंदी पाहत फिरत होत्या. इंदुताईंनी त्यांना आत ओढलं आणि पाटावर बसवलं.

"मॅडम, तुमच्या मशीनीनं माही सून वाघाच्या तोंडात चालली."

मॅडमचा चेहरा उतरला. "ताई, मी पण रात्रभर तोच विचार करतेय. ॲप चांगलंच आहे हो. पण पुतळ्याला वाघ का म्हणालं, मलाच कळेना."

"मंग त्याले विचारा ना!" इंदुताईंनी कोपऱ्यातून नातीचा लाकडी नंदी उचलून समोर ठेवला. चार चाकं, पाठीवर सोनेरी कागद, एक शिंग उंदराने कुरतडलेलं. "हे काय हाय, म्हना."

मॅडमनी फोन धरला.

*बैल. खात्री ९६ टक्के.*

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. मग इंदुताईंना जे हसू फुटलं ते आवरेना. "चाकावरचा बैल! चारा नाई, पानी नाई, अन् जिता!"

मग काय विचारता! घराची झडतीच सुरू झाली. आदेशच्या लग्नात आहेर आलेलं ते ब्लँकेट निघालं, ज्याच्यावर डरकाळी फोडणारा वाघ असतो आणि जे विदर्भातल्या प्रत्येक घरात एक तरी असतंच. *वाघ. खात्री ९९ टक्के.*

"महाराजाच्या वाघापरीस एक टक्का जास्त!" इंदुताई किंचाळल्या. "म्हनजे माह्या लेकाच्या लग्नापासून घरात वाघ निजून राह्यला! कोनाले खाल्लं नाई, उलटं ऊबच देल्ली!"

रबराचा साप आणला: *नाग, ९४ टक्के.* कॅलेंडरवरचा मोर: *मोर, ९७.* पुरणाच्या ताटातला उडदाचा वडा सहज दाखवला, तर यंत्राने बराच विचार करून म्हटलं, *गोगलगाय, १२ टक्के.* इंदुताईंनी तो वडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "पाप लागलं बाप्पा!"

मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "ताई, आता लक्षात आलं. या ॲपला लाखो फोटो दाखवून शिकवलंय. समोरचं चित्र त्यातल्या कोणासारखं दिसतं, एवढंच ते सांगतं. जिवंत आहे का, हे त्याला कोणी शिकवलंच नाही, आणि ते तपासतही नाही."

"म्हनजे वडशाच्या नाटकात राजाचा मुकुट घालून कोनी उभा राह्यला, तर हे त्याले राजाच समजन? पडद्यामागं तो बिडी पेत बसते, ते याले दिसत नाई?"

"अगदी तसंच!"

तेवढ्यात रीता बैल धुऊन नदीवरून आली. इंदुताईंनी तिला हाताला धरून सगळा दरबार दाखवला. नंदी, ब्लँकेट, साप. रीता हसली नाही. उलट कमरेवर हात ठेवून तिने प्रश्न टाकला.

"ब्लँकेटाचा वाघ त्यानं पहिल्याच झटक्यात ओळखला. पन महाराजाचा वाघ आंधी नाई ओळखला! मंत्र म्हनल्यावर ओळखला. मंग मधात काय झालं? प्रान आला नाई तर काय आलं, सांगा ना मॅडम!"

रीता आत निघून गेली. प्रश्न खराच होता, मंडळी. रीता अडाणी नव्हती. ती तर दोघींच्या एक पाऊल पुढे होती.

इंदुताई खिन्न मनाने ब्लँकेटची घडी घालू लागल्या. वाघ आत गेला, वर नुसती लाल किनार राहिली. मॅडमच्या हातातला फोन अजून सुरूच होता, तिकडेच तोंड करून. पडद्यावर अक्षरं आली: *ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा.*

इंदुताई थबकल्या. घडी मोडली. *वाघ. ९९ टक्के.* घडी घातली. *ओळख पटली नाही.* मोडली. *वाघ.*

"मॅडम!" त्या ओरडल्या. "शेंदूर! शेंदूर म्हनजे घडी, अन् दूध म्हनजे घडी मोडनं! वाघ मेला बी नाई, उठला बी नाई. नुसता झाकला अन् उघडला!"

आणि दारातूनच त्यांनी हाक दिली, "लटारूभाऊ! तुमचा चांद्या आज किती सजवला हो?"

संध्याकाळी आखरावर तोरण बांधलं. तोरणाखाली बैलांची रांग. त्यात लटारूभाऊंचा चांद्या म्हणजे गावाचा अभिमान, कपाळावर चंद्रकोरीसारखा पांढरा ठिपका असलेला तगडा बैल. पण आज ना कपाळ दिसत होतं ना चंद्रकोर. पाठीवर जमिनीला टेकणारी झूल, डोक्यावर बाशिंग, शिंगांना बेगड आणि फुगे, गळ्यात झेंडूच्या एवढ्या माळा की चारा खायला तोंड शोधावं लागत होतं.

झडत्या झाल्या, बैलांची पूजा झाली, पोळा फुटला. मंडपात शंख वाजला. चौरंगावरचा वाघ आज धुऊनपुसून तयार होता. धाग्यांचं ताट पुढे आलं, बायांची रांग लागली, आणि रांगेत सर्वांत पुढे रीता.

इंदुताई खंजिरी वाजवतच मंडपात शिरल्या. मागे दिव्यानी मॅडम, त्यांच्यामागे नंदी आणि ब्लँकेट घेतलेली लेकरं.

"महाराज, राम राम. तुमी काल म्हनले, तपासा. आमी तपासाले आलो."

महाराज जरा चपापले, पण हजारो कान ऐकत होते. "अवश्य, माउली! शंका ही तर भक्तीची धाकटी बहीण!"

एलईडी पडदा भाड्याने आणलेला, त्याचा मालक चिमूरचा सरफराज. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "वायर माह्या हातात हाय, मॅडम. ज्याचा फोन द्याल त्याचा दिखाते. मेरे को क्या!" आणि मॅडमचा फोन जोडला.

नंदी पुढे आला. *बैल, ९६ टक्के.* गर्दीत कुजबुज.

"पाहा!" महाराज लगेच म्हणाले. "माझ्या सान्निध्यात लाकडातही प्राण आला!"

टाळ्या पडल्या. इंदुताईंनी ब्लँकेट झटकून पसरलं. *वाघ, ९९ टक्के.*

"कापसातही प्राण आला!"

"महाराज," लटारूभाऊ मागून ओरडले, "हे पॉलिस्टर हाय!"

खसखस पिकली. महाराजांनी हात वर केला. "हसा! हसा! पण विसरू नका, माझा वाघ आधी ओळखला गेला नव्हता! प्राण आल्यावरच ओळखला गेला! हाच पुरावा!"

"तेच म्हनते मी!" रीता रांगेतून बोलली. तिचा हात धाग्यासाठी पुढे होता, पण डोळे सासूवर होते.

"बरं," इंदुताई म्हणाल्या. "भाऊ, चांद्याले आना."

लटारूभाऊ छाती काढून चांद्याला घेऊन आले. घुंगरं वाजत होती, फुगे हलत होते. चांद्याने मंडपाच्या दारात दणदणीत शेण टाकलं, म्हणजे जिवंतपणाविषयी कोणाला शंका उरली नाही. मॅडमनी फोन धरला. सारं आखर पडद्याकडे पाहू लागलं.

*झेंडू. खात्री ४१ टक्के.*

मग लटारूभाऊंचा आवाज:

"झेंडू? हा झेंडू हाय? अरे, ह्या झेंडूनं माही सारी बांदी नांगरली! ह्या झेंडूनं मागच्या साली सरपंचाले लाथ मारली! इचारा सरपंचाले, झेंडूनं मारली का बैलानं!"

"बैलानं, बैलानं," गर्दीतून सरपंच कळवळून म्हणाले.

आखर लोटपोट झालं. फुगेवाल्याच्या हातातून फुगे सुटले. मॅडम फोन सावरत म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका. आता त्याचं सामान उतरवा."

बाशिंग उतरलं. माळा उतरल्या. झूल उतरली. कपाळावरची चंद्रकोर दिसली. *बैल. खात्री ९७ टक्के.*

इंदुताईंनी खंजिरीवर एक थाप मारली. "आता सांगा! मघापासून चांद्या मेला होता का? झूल काढली तवा त्याच्यात प्रान आला का?"

"नाई!" आखर गरजलं.

"मंग शेंदूर धुतल्यावर पुतळ्यात कोठून आला?"

आता मात्र कोणी हसलं नाही. जो तो चौरंगाकडे वळला. शेंदराची बादली तिथेच, चौरंगाखाली होती. सरफराजनेच वायर खाली ठेवली, दोन ओंजळी शेंदूर घेतला आणि वाघाच्या तोंडावर, पाठीवर फासला. मॅडमनी फोन धरला. *ओळख पटली नाही.* लेकरांनी घागरीतलं पाणी ओतलं. *वाघ, ९८ टक्के.* पुन्हा शेंदूर. *ओळख पटली नाही.* पुन्हा पाणी. आता तर लेकरांना खेळच सापडला. "मेला!" "उठला!" "मेला!" "उठला!" अख्खं आखर एका सुरात ओरडत होतं, आणि लटारूभाऊंनी ढोलकी ओढून झडती ठोकलीच:

"शेंदूर फासला, वाघ निजला,
दुधानं धुतला, वाघ उठला,
चांद्याची झूल काढता काढता
बाबाचा चेहरा पुरता विटला,
हर बोला, हर हर महादेव!"

"बंद करा!" महाराज किंचाळले आणि मॅडमच्या फोनवर झडप घालायला धावले. घोंगडी फडफडली, जटा सुटल्या, दोन्ही हात वर. मॅडम दचकून मागे सरल्या, फोन तसाच समोर. पडद्यावर महाराजांचं भलंमोठं रूप, आणि खाली अक्षरं:

*अस्वल. खात्री ६१ टक्के. मध आणि वाळवी खाते. डिवचू नका.*

मंडळी, त्यानंतर चिचटोल्यात जे हसू झालं ते म्हणे नाल्यापलीकडच्या वाघिणीनेही कान टवकारून ऐकलं. म्हाताऱ्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत हसल्या. ज्यांनी काल टोपल्यात बसून भजी चेपली होती, ते गृहस्थ आज जमिनीवर लोळत होते.

त्या गोंधळात एकटी रीता हसत नव्हती. ती महाराजांसमोर गेली. धाग्याचा हात अजून पुढेच होता.

"महाराज, मले एकच सांगा. उद्या सकाळी आमी नाल्यापलीकडं जातो. मी धागा बांधते. पन पुढं तुमी चाला. तुमच्या हातात तर धाग्याचं ताटच हाय. मी मागं येते."

महाराजांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "उद्या? उद्या मला... आलापल्लीला कार्यक्रम आहे."

"परवा?"

"परवाही."

रीताने हात मागे घेतला. रांगेतल्या बाया एकेक करून मागे सरल्या, आणि धाग्यांचं ताट भरलेलंच राहिलं.

इंदुताई पुढे झाल्या. आवाज कठोर नव्हता. "महाराज, तुमचा गळा गोड हाय. काल तुमी गौळन म्हनली, मी रडली. तो गळा देवानं देला, ह्या धंद्यासाठी नाई देला. देव मी भजनात पाहीन, भुकेल्याच्या ताटात पाहीन. फोनच्या टक्क्यात नाई पाहनार. अन् आमचा वाघोबा शिवेवर बसून हाय, दगडाचा. आमचे बापजादे त्याले नारळ फोडून काय मागत होते? तू तुह्या रानात राह्य, आमी आमच्या गावात राहतो. हीच त्याची भक्ती. त्याच्या दातापुढं मनगट नेनं, हे भक्ती नाई."

महाराज गाडीत बसून गेले. घाईत वाघ मागेच राहिला. लेकरांनी त्याला चार चाकं लावली, आणि तान्ह्या पोळ्यात नंदींच्या रांगेत तो ऐटीत उभा राहिला. चिचटोल्याच्या इतिहासात बैलांबरोबर शांतपणे चाललेला तोच पहिला वाघ.

पण त्याआधीची पाडव्याची सकाळ सांगायची राहिली. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता नारबोद काढतात. गवताची बाहुली, तिच्यासोबत खोकला, ताप, सारी पीडा गावाबाहेर घालवायची. त्या सकाळी लेकरं ओरडत होती, "रोगराई घेऊन जा गे नारबोद! स्कॅनबाबाची लबाडी घेऊन जा गे नारबोद!" आणि ज्या बाया नाल्यापलीकडे निघणार होत्या, त्याच बाया टाळ्या पिटत मिरवणुकीत होत्या. रीताच्या हातात विळा नव्हता. सासूची खंजिरी होती.

नारबोद टाकायला सारे नाल्याच्या अलीकडच्या काठावर आले, तर बीटगार्ड तिथे वाकून काहीतरी पाहत होता. त्याने हात दाखवून सगळ्यांना थांबवलं. पलीकडच्या ओल्या रेतीत, सात्यांच्या वाटेवर, पावलं उमटली होती. मोठी गोल पावलं, आणि त्यांच्या आजूबाजूला बागडलेली लहान लहान. पाणी अजून त्यांत झिरपत होतं, इतकी ताजी.

मॅडमनी फोन पिशवीतून काढलासुद्धा नाही. त्या ठशांना टक्क्यांची गरजच नव्हती. रीताने इंदुताईंचा हात धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही. सात्या त्यांनी नंतर आणल्या, अलीकडच्या काठाच्या, ऊन चढल्यावर, घोळक्याने, बीटगार्डला विचारून. थोड्याच मिळाल्या. त्या दिवशीची भाजी इतकी चवदार झाली की आदेशने वाटी चाटली.

यंत्रावर रुसू नका, बरं का. दिव्यानी मॅडम अजून त्याच ॲपवर लेकरांना पाखरं शिकवतात, आणि ते पाखरांची नावं बरोबर सांगतं. यंत्र लबाड नव्हतं; त्याच्या तोंडून न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वदवणारा लबाड होता. तुमच्या दारात उद्या कोणी मशीन घेऊन येईल, कोणी कागद घेऊन, कोणी नुसताच गोड गळा घेऊन. हात जोडायला हरकत नाही. पण हात जोडण्याआधी झूल उचलून बघा, आधी काय झाकलं होतं आणि मग काय उघडलं ते विचारा, आणि जो जीव वाचवतो म्हणतो त्याला म्हणा, पुढं तुम्ही चाला.

आणि एवढं ऐकलंत, तर जाताना एक करा. पुढच्या पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतील, झुलीत, माळांत, फुग्यांत बुडालेले, तेव्हा लटारूभाऊंच्या चांद्याची आठवण काढा. साऱ्या गावासमोर तो उभा होता, श्वास घेत होता, शेण टाकत होता, आणि पडद्यावर लिहिलेलं होतं: झेंडू.